डबी कुणाची

सहादेव मुकादमाला थकवा म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. लंकाबाईला कुणी विचारलं नाही, नाहीतर तिनं नवऱ्याची खरी ओळख करून दिली असती. त्याला थकवा चांगला ठाऊक होता. फक्त तो दुसऱ्याचा असायचा, आणि दुसऱ्याचा म्हणजे खोटाच असायचा.

दोघं मूळची खर्ड्याकडची. लग्न झालं त्याच साली ऊस तोडायला श्रीरामपूरच्या अंगाला आली, पुढं दरसाल येत राहिली आणि एका साली परत गेलीच नाहीत. कालव्याच्या कडेला वस्ती करून राहिली. स्वतः घाम गाळण्यापेक्षा दुसऱ्याचा गाळून घ्यायची अक्कल सहादेवला जास्त, त्यामुळं तो बघता बघता मुकादम झाला. टोळी आणायची, टोळी राबवायची आणि पहाटे खोपी-खोपीत डोकावून कोण उठलं नाही ते बघायचं, हे त्याचं काम. ह्यातल्या शेवटच्या कामात त्याला भारी गोडी. कुणी म्हणालं अंग मोडून आलंय, की हा कमरेवर हात ठेवून विचारायचा, कुठं मोडलंय ते दाव. बाईमाणूस असलं तर विचारायचाही नाही. बायकांची दुखणी, एवढं म्हणून तो पिचकन थुंकायचा आणि पुढच्या खोपीकडं वळायचा.

लेकीच्या, ज्योतीच्या वेळची गोष्ट. बाळंत होऊन पुरता महिनाही झाला नव्हता आणि लंकाबाई फडात मोळ्या बांधायला उभी होती. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून बिचारी सरीत टेकली, तर ह्या गड्यानं सगळ्या टोळीसमोर विचारलं, "राणीसरकार, पालखी मागवू का?" टोळी हसली. हसणारच, मुकादम हसला की टोळीला हसावं लागतं. लंकाबाई उठली, राहिलेल्या मोळ्या बांधल्या आणि ते हसणं पोटात ठेवून दिलं. त्यानंतर तिथं बरंच काही साठत गेलं.

पन्नाशी उलटली आणि हा वाघ मंदावला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ऐन चैत्रात, बाकीची माणसं उघडी बसलेली असताना, मुकादम स्वेटर घालून हिंडायला लागला. तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं, आवाज घोगरा झाला, आणि ज्या मिशीला पीळ भरत तो टोळीवर ओरडायचा ती मिशी विरळ होत चालली. फडावर मोटरसायकल लावायचा आणि तिच्यावरच बसून डुलक्या काढायचा. घरी आला की बाजेवर आडवा. जेवायला उठवलं तरी उठवत नाही म्हणायचा. टोळीतल्या बायका ऊस तोडता तोडता एकमेकींना खुणावायच्या, आणि एक दिवस त्यातली एक हळूच म्हणाली, राणीसरकारांची पालखी आली वाटतं. लंकाबाईनं ते ऐकलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

सहादेवचं म्हणणं नजर लागली. लंकाबाईनं मीठमिरच्या उतरवून टाकल्या, सगळं घर खोकलं, मुकादम तसाच. शेवटी एका दिवशी जिना चढायला म्हणून उठला आणि दुसऱ्याच पायरीवर बसला, तेव्हा त्याला श्रीरामपूरला डॉक्टरीणबाईकडं न्यावं लागलं. डॉक्टरीण तरुण, बोलायला गोड. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं की काका, तुम्हाला थायरॉइड आहे. गळ्यात एक ग्रंथी असते, ती मंद झाली की सगळं शरीर मंद होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि त्यावर अर्धा तास चहा प्यायचा नाही.

सहादेवनं विचारलं, हे बायकांना होतं ना? डॉक्टरीण म्हणाली, बायकांना जास्त होतं, पण पुरुषांनाही होतं. ग्रंथी सगळ्यांनाच असते. त्यातलं फक्त पहिलं त्याच्या कानात शिरलं. पुढचं बाहेर वाऱ्यावर गेलं.

एसटी स्टँडवर आल्यावर तो बाकड्यावर बसला, इकडंतिकडं बघितलं, आणि ज्या आवाजात माणसं खून केल्याचं सांगतात त्या आवाजात बायकोला म्हणाला, "लंके, कुनापुढं तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथ घातली. कशासाठी? चोरी नाही, चहाडी नाही, गळ्यातल्या एका ग्रंथीसाठी. लंकाबाईला वाटलं हसावं. पण मेलेल्या तोंडाची शपथ हसण्यावारी नेता येत नाही, निदान तिच्या माहेरी तरी तसं शिकवलेलं नव्हतं. ती बरं म्हणाली.

आता पंचाईत अशी की ह्या गोळ्यांची डबी असते. गोल, पांढरी, शंभर गोळ्यांची. वस्तीवर घरटी एकीच्या फळीवर ती डबी आहे, आणि बघितल्याबरोबर कुणालाही ओळखू येते. शेजारची सविता दुसऱ्याच दिवशी विरजण मागायला आली आणि फळीकडं बघून थबकली. लंकाबाई काही बोलायच्या आत बाजेवरून सहादेवचा घोगरा आवाज आला की हिला थायरेट निघालाय. बोलून वर एक सुस्काराही सोडला, आजारी बायको पदरात पडलेल्या माणसाचा.

लंकाबाईच्या हातातलं विरजणाचं भांडं तसंच राहिलं. सविता बिचारी हळहळली, तरीच गं तुझा चेहरा उतरलाय म्हणाली. तिचा चेहरा वीस वर्षं तसाच होता, पण आता त्याला कारण मिळालं. चार दिवसांत वस्तीभर झालं. कुणी सांगायचं सोयाबीन खाऊ नको, कुणी कोबी खाऊ नको. आणि मुकादम सगळ्यांपुढं मान हलवून सांगायचा की हिच्यानं आता काम होत न्हाई, लई थकती. त्या वेळी लंकाबाई दोन म्हशींचं शेण काढून, धार काढून, भाकरी थापून, त्याची गोळी त्याच्या तळहातावर ठेवून, टोळीच्या बायकांबरोबर फडात जायला निघालेली असायची. रोग तिच्या नावावर केला, पण रोगाबरोबर जी विश्रांती येते ती मात्र ह्यानं स्वतःकडंच ठेवली.

स्वतःच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. त्यावर त्यानं जो तोडगा काढला तो ह्याच मुलखात सुचावा. त्यानं सांगितलं, मला शुगर आहे.

शुगर हा इकडं रोग नाही, मान आहे. मोठमोठ्या बागायतदारांना शुगर, कारखान्याच्या संचालकांना शुगर, पुढाऱ्यांना तर असतेच असते. ज्याचं पोट भरलंय त्याला शुगर होते आणि ज्याला होते त्याला लोक खुर्ची देतात. जन्मभर उसावर पोसलेली ही माणसं साखरेला हात लावत नाहीत आणि ते अभिमानानं सांगतात. गावात त्यांचा एक घोळकाच होता. रोज सकाळी कालव्याच्या भरावावरून हात हलवत चालायचं, मग रिटायर झालेल्या ज्ञानेश्वर मास्तरांच्या ओट्यावर बसून कारल्याचा रस प्यायचा, त्यावर बिनसाखरेचा चहा आणि मग आपापल्या खिशातून गोळ्या काढून सगळ्यांनी मिळून गिळायच्या. गावातली खरी बैठक ती. ऊसतोड्या म्हणून आलेल्या सहादेवला त्या ओट्यावर आजवर कुणी बस म्हणालं नव्हतं. शुगर म्हटल्याबरोबर मास्तरांनी सरकून जागा दिली.

तिथून जे सुरू झालं त्याला काय म्हणावं. घरी ह्या माणसाला गुळाचा चहा दोन कप लागायचा, तो बंद. भात बंद. ज्योतीनं आंब्याचा रस केला तर तोंड फिरवून बसला, कारण सविता दारात उभी होती. सकाळी कारलं, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी मेथीचं पाणी. ज्याला ह्यातलं काहीच लागू नाही तो माणूस लोकांदेखत उपाशी राहू लागला. लंकाबाई चोरून लाडू द्यायची, तर खिडकी लाव म्हणायचा.

आणि ओट्यावर गोळीची वेळ आली की ह्याचा खिसा रिकामा. पहिले दोन दिवस घरी घेऊन आलो म्हणाला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी आपल्या पाकिटातली एक गोळी काढून दिली. नामी गोळी हाय, तुम्हाला सोसेल, म्हणाले. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. दुसऱ्याच्या गोळ्या वाटण्याचं शिक्षण त्यांना कुठं मिळालं होतं देव जाणे. सहादेवनं ती सगळ्यांसमोर गिळली. पुढं ते पाकीट मेडिकलवाल्याला दाखवून स्वतःच विकत घेऊ लागला.

लंकाबाईला ते धुण्यात सापडलं. सदऱ्याच्या खिशात चपटं पाकीट, अर्धं रिकामं. तिनं ज्योतीला वाचायला लावलं. ज्योती कॉलेजात जाणारी पोरगी, तिनं मोबाईलवर बघून सांगितलं की आई, ही खरोखरच्या शुगरवाल्यांची गोळी आहे, रक्तातली साखर उतरवणारी. लंकाबाईनं त्याच दुपारी नवऱ्याला गाठलं. तो आधी मास्तरांची ठेवायला दिलीय म्हणाला, मग चिडला, मग जे बोलला ते ऐकून तिला वाटलं हा माणूस आपण इतकी वर्षं कसा सांभाळला. त्याचं म्हणणं असं की ती डबीतली गोळी बायकांची आहे, तिनं पुरुषाला काय गुण येणार. ही पुरुषांची गोळी आहे, मोठी माणसं घेतात, हिनंच ताकद येईल.

ताकद येत होती ती अशी की आधी तो जिन्यावर बसायचा, आता मोरीपर्यंत जाताना भिंत धरायचा. मधेच घाम फुटायचा, हात कापायचे, चिडचिड तर इतकी की म्हैस हंबरली तरी शिव्या. पण ओट्यावर त्याची कोण वाहवा. दर रविवारी तिथं बोटाला टोचायचं मशीन निघायचं आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचला जायचा. सगळ्यांचे आकडे दोनशेच्या पुढं आणि मुकादमाचा सत्तर. मास्तर म्हणायचे, शिका जरा, ह्याला म्हणतात कंट्रोल. मग मुकादम घाम पुसत पुसत कंट्रोलवर भाषण द्यायचा आणि गावातली शहाणी म्हणवणारी डोकी ते माना डोलावत ऐकायची.

डॉक्टरीणबाईकडं पुन्हा गेले तेव्हा ती चक्रावली. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. गोळी अगदी बरोबर लागू पडलीये, मग थकवा का जात नाही? ती विचारत राहिली, झोप होते का, जेवण होतं का. मग म्हणाली, काका, दुसरी काही औषधं घेता का? सहादेव म्हणाला, काय न्हाई. लंकाबाईनं तोंड उघडलं. त्यानं नुसतं वळून बघितलं, एसटी स्टँडवर बघितलं होतं तसंच. तिनं तोंड मिटलं. परत येताना मात्र तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. एवढा राग आला की बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली नाही.

ह्याच सुमारास ज्योतीचं जमलं. स्थळ नगरजवळचं, मुलगा शिकलेला, दूध संघात नोकरीला, माणसं सरळ. ज्योतीला मुलगा मनापासून आवडला होता, ते तिच्या फोन धरण्यावरूनच लंकाबाईला कळायचं. बघायच्या कार्यक्रमात मुलाची आई बनुबाई हिची नजर फळीवरच्या डबीवर गेली. बाई स्पष्ट बोलणारी. तिनं विचारलं की विहीणबाई, तुम्हाला थायराइड आहे म्हणता, तर आईचं पोरीत उतरतं असं म्हणतात, एकदा पोरीचं रक्त तपासून घ्या. लंकाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आता तरी हा बाप म्हणून तोंड उघडेल. मुकादम घसा खाकरून म्हणाला, बरोबर हाय तुमचं, हिच्याकडनंच आलं तर यायचं.

ज्योतीचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. पण दवाखान्याच्या बाकावर लेक दंड दाबून बसलेली बघताना लंकाबाईच्या मनात नवऱ्याबद्दल जे उरलंसुरलं होतं तेही आटलं. आधी निदान राग यायचा. आता नुसती किळस आली.

साखरपुडा मुलीच्याच दारात ठरला. मंडप टाकला, जेवणाला जिलेबी सांगितली. ओट्यावरची सगळी मोठी माणसं येणार म्हणून मुकादम कडक कपडे घालून मिरवत होता, म्हणजे दोन पावलं मिरवायचा आणि खुर्ची बघायचा. ह्या शुगरवाल्यांची एक पद्धत होती. लग्नकार्य असलं, पानात गोड असलं, की त्या दिवशी गोळी आधीच दुप्पट घ्यायची. म्हणजे मागाहून कितीही जिलेबी चापली तरी हिशेब आधीच चुकता. मास्तरांनी सकाळी सगळ्यांना आठवण करून दिली. मुकादमानंही घेतल्या. पोटात कारल्याच्या रसाशिवाय काही नव्हतं, कारण जेवण पाहुण्यांबरोबर, आणि पाहुणे नगर-मनमाड रस्त्यावर कुठंतरी खड्ड्यांत अडकलेले.

पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओवाळणं झालं, चौरंग मांडला. ज्योतीला पाटावर बसवलं. बनुबाईनं आणलेलं ताट मध्ये ठेवलं, त्यात साडी, नारळ आणि चकचकीत जिगाच्या कागदात बांधलेला साखरेचा पुडा. मंडपात शिरतानाच कुणीतरी मुकादमाच्या हातावर पेढा ठेवला होता. त्यानं तो सगळ्यांदेखत घेतला आणि हळूच सदऱ्याच्या खिशात सारला.

गुरुजी नाव विचारायला लागले तर मुकादमाला स्वतःच्या लेकीचं नाव आठवेना. तो काहीतरी बरळला. आधी लोक हसले. मग त्याच्या कपाळावरनं घामाच्या धारा लागल्या, हात लटलटायला लागले आणि तो खुर्चीवरून असा घसरला की चौरंगच हलला. डोळे अर्धे उघडे, पण बघणं नाही.

एकच गलका झाला. मास्तर पुढं आले आणि ओरडले, शुगर वाढलीय, मघाशी पेढा खाल्ला ह्यांनी, मी बघितलं. बाकीच्या शुगरवाल्यांनी री ओढली. कुणी म्हणालं पाणी मारा, कुणी म्हणालं गोड जवळ आणू नका. मास्तर खिशातून पाकीट काढून गोळी सोडवायला लागले. अजून एक द्या म्हणजे उतरेल, म्हणाले.

लंकाबाई चुलीकडून धावत आली होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं. पांढरं पडलेलं, ओठ निळसर, जबडा सैल. आणि तिला कळलं की ज्या तोंडाची त्यानं शपथ घातली होती ते हेच. गप्प राहिलं की बघायला मिळणार होतं. वीस-पंचवीस वर्षांचा राग, ती किळस, सगळं होतं तसंच होतं. तरी मेला तर मेला असं तिला एकदाही वाटलं नाही, ह्याचा तिला नंतर थोडा रागही आला.

तिनं मास्तरांचा हात झटकला. गोळी मांडवात उडाली. ताटातला साखरपुडा उचलला आणि दातानं फाडला. बायकांच्या तोंडून अगं अगं निघालं, विधी व्हायच्या आधी पुडा फोडणं म्हणजे केवढा अपशकुन. तिनं चिमटी भरून साखर नवऱ्याच्या गालात सारली, ओल्या बोटानं हिरडीला चोळली, पुन्हा सारली.

"ह्यांना शुगर न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवावा लागला नाही, मंडप गप्प झाला होता. "कधीच नव्हती. शुगरच्या गोळ्या उगा गिळल्यात, उपाशी पोटी, तुमच्यात बसायला मिळावं म्हनून. थायराइड ह्यांना हाय. ती फळीवरची डबी माजी न्हाई, ह्यांची हाय."

 मास्तर खाली वाकून आपली गोळी शोधू लागले, तेवढंच काम त्यांना उरलं होतं. लंकाबाई साखर चोळत राहिली आणि जरा वेळानं मुकादमाचा जबडा हलला. त्यानं गिळलं. पुन्हा गिळलं. मग त्याचे डोळे फिरून जागेवर आले, आजूबाजूची तोंडं दिसली, बायकोच्या हातातला फाटका जिगाचा कागद दिसला, आणि मरणाच्या दारातून परत आलेला हा माणूस पहिलं काय म्हणाला असेल?

"सांगितलंस तू?"

"सांगितलं," लंकाबाई म्हणाली. "मेलेलं तोंड बघायचं नव्हतं मला."

आता सगळ्यांचे डोळे बनुबाईकडं लागले. ज्योती पाटावर थिजून बसली होती. बनुबाईनं एकदा मुकादमाकडं बघितलं, वहाणेत अडकलेल्या किड्याकडं बघावं तसं, आणि मग लंकाबाईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं की बाई, तू हे सगळं अंगावर घेऊन उभी होतीस? मग ती आपल्या माणसांना म्हणाली की साखर घरात असंलच की, दुसरा पुडा बांधा, गुरुजी थांबलेत. जिगाचा कागद कुठला आणायचा, पेपरातच बांधला. ज्योतीचा साखरपुडा त्या पेपरातल्या पुड्यावर झाला.

मुकादमाला दवाखान्यात नेलं, तिथं बाटली लागली. डॉक्टरीणबाईचा गोडवा त्या दिवशी संपला होता. तिनं त्याला असं फैलावर घेतलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. थायरॉइडची गोळी तिचं काम चोख करत होती, म्हणाली, तुम्हीच वरून दुसरी गिळून आणि उपाशी राहून स्वतःला पाडलंत. ती दुसरी गोळी बंद झाली, जेवण सुरू झालं, आणि हळूहळू तो जिना चढू लागला. मिशीही थोडी परत आली. ओट्यावरची जागा मात्र गेली. मास्तरांचं म्हणणं, ह्यांनी मशीनची बदनामी केली. पण त्याच ओट्यावरचे दोघं वेगवेगळ्या दिवशी, कुणी बघत नाही असं बघून, मागच्या दारानं लंकाबाईकडं आले आणि डॉक्टरीणबाईचा पत्ता विचारून गेले. एकानं तर आवाज खाली करून सांगितलं की बायकोसाठी पाहिजे. लंकाबाई म्हणाली, व्हय, बायकूसाठीच आसंल.

सहादेवनं ह्या सगळ्याबद्दल तिची माफी मागितली का? छे. तो अजूनही म्हणतो की हिनं चार माणसांत माझं नाक कापलं. नाक कापलं म्हणायला तो शिल्लक आहे तो कुणामुळं, एवढा विचार त्याच्या डोक्यात मावत नाही. पहाटे मात्र तो आपणहून उठतो, फळीवरची डबी स्वतःच्या हातानं काढतो आणि गोळी घेतो. लंकाबाई त्याच्या तळहातावर आता काही ठेवत नाही.

आणि एक गोष्ट बदलली. ज्योती सासरी गेल्यावर, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, म्हशींना पाणी पाजून झालं, भांडी झाली, आणि लंकाबाई फडाकडं न जाता सरळ नवऱ्याच्या बाजेवर जाऊन आडवी झाली. मुकादम दारातून आत आला आणि बघतच राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं, कदाचित ते पालखीचंच असेल, पण त्यानं ते गिळलं. विरजण मागायला आलेली सविता दारातच थबकली. काय गं, म्हणाली, भर दुपारची अशी? आता तुलापन निघाला का काय थायराइड?

लंकाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"न्हाई गं," ती म्हणाली. "त्यो त्यांचा. मी नुसती दमलीय. लग्नाच्या आदीपासनं."